शेवाळाला आधी पाणी साफ करू द्या, इंधनाचं नंतर बघू

सांडपाणी साफ करायचं म्हणजे त्यातली घाण काढायची एवढंच बहुतेकांना माहीत असतं, आणि ते चूक नाहीच, पण त्या पाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की पुढचं सगळं सोपं होतं. एक म्हणजे कुजणारा माल, म्हणजे मैला, उरलंसुरलं अन्न, साबण, चरबी. हे बॅक्टेरिया खातात, पण खायला त्यांना ऑक्सिजन लागतो. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस, यातला बराचसा आपल्या लघवीतून आलेला. पाणी अगदी नितळ दिसत असलं तरी हे दोन्ही त्यात असू शकतात, आणि असं पाणी नदीत किंवा तळ्यात सोडलं की तिथे शेवाळ माजतं, मग ते मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतं आणि मासे मरतात.

आता जे शेवाळ नदीत माजून नुकसान करतं तेच आपण आधी, आपल्या ताब्यातल्या तलावात माजवलं तर? नायट्रोजन-फॉस्फरस त्याच्या अंगात जाईल, आणि शेवाळ पाण्यातून वेगळं काढलं की ते दोन्ही पाण्याबाहेर आले. मूळ कल्पना एवढीच आहे. इथे शेवाळ म्हणजे दगडावरचं बुळबुळीत किंवा समुद्रातलं लांब पात्यांचं नव्हे, तर सूक्ष्म शेवाळ, एकेका पेशीचं किंवा चार-आठ पेशींच्या झुबक्याचं. क्लोरेला, सेनेडेस्मस ही त्यातली नेहमीची नावं. एक पेशी साधारण ५ ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नुसत्या डोळ्यांना एकटी दिसतच नाही, पाणी हिरवं झालं की समजायचं ती भरपूर झाली.

पण मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटते ती पुढची गोष्ट. शेवाळ उन्हात वाढताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. बॅक्टेरिया नेमकं उलटं करतात, घाण खाताना ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. दोघांना एकाच तलावात ठेवलं की एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचं खाणं, आणि मध्ये पंप नको, हवा फुंकणारा ब्लोअर नको, ऊन मात्र हवं. १ ग्रॅम शेवाळ तयार होताना साधारण दीड ग्रॅम ऑक्सिजन सुटतो. अमेरिकेत बर्कलीला विल्यम ऑस्वाल्ड नावाचे इंजिनिअर १९५० च्या दशकापासून यावर काम करत होते, आणि १९६० मध्ये त्यांनी आणि क्लॅरेन्स गोलुके यांनी पुढचं पाऊलही मांडलं होतं, की सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळ कुजवून मिथेन काढा, तो जाळून वीज करा, आणि जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड परत तलावात सोडा. म्हणजे आज जे नवीन म्हणून सांगितलं जातं त्याचा आराखडा साठ वर्षांहून जुना आहे.

याची किंमत कळायची तर नेहमीचा ट्रीटमेंट प्लांट कसा चालतो ते बघायला लागेल. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत १९१४ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी शोधली, तिला ॲक्टिव्हेटेड स्लज म्हणतात, आणि त्यात टाकीतल्या बॅक्टेरियांना खालून हवा फुंकून ऑक्सिजन देतात. पद्धत भरवशाची आहे, जागा कमी खाते, शंभर वर्षं टिकली ती उगाच नाही. पण प्लांटच्या एकूण विजेतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा या हवा फुंकण्यातच जातो. शिवाय नायट्रोजनचं काय होतं बघा, तो पाण्यात मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो, बॅक्टेरियांकडून त्या अमोनियाचं नायट्रेट करायचं, मग नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायचा आणि हवेत सोडून द्यायचा. आणि तिकडे खत कारखान्यात त्याच हवेतला नायट्रोजन प्रचंड दाब आणि उष्णता लावून, नैसर्गिक वायू खर्च करून अमोनिया बनवत बसायचं. एकीकडे वीज जाळून फेकायचं आणि दुसरीकडे गॅस जाळून परत बनवायचं, हे मला खरंच सहन होत नाही. शेवाळ तो नायट्रोजन फेकत नाही, धरून ठेवतं.

आता तलाव कसा असतो ते. खोल नसतो, ३० सेंटिमीटरच्या आसपास, कारण हिरव्या पाण्यात ऊन त्याखाली फारसं पोचतच नाही, वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात. लांबट गोल आकाराचा वाहता पाट, मध्ये भिंत, आणि एका जागी हळू फिरणारं पॅडलव्हील जे पाणी सेकंदाला १५ ते ३० सेंटिमीटर वेगाने ढकलत राहतं. वेग कमी असला तरी तो हवाच, नाहीतर शेवाळ तळाशी बसून सडतं. पाणी आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत हवामानाप्रमाणे साधारण ४ ते १० दिवस. बंद काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्यांमध्येही शेवाळ वाढवतात आणि फोटोंमध्ये त्या फार छान दिसतात, पण सांडपाण्यासारख्या स्वस्त आणि अवाढव्य प्रमाणातल्या मालाला त्या परवडत नाहीत, त्यामुळे त्या मी इथेच सोडतो.

दुपारी या तलावात एक गंमत घडते. ऊन चढतं तसं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने ओढतं की पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, ९ च्या वर, कधी १० पर्यंत जातो. त्याने काही अमोनिया वायू होऊन उडून जातो, फॉस्फेट कॅल्शियमबरोबर गाळ होऊन खाली बसतं, आणि ऊन, जास्त पीएच, भरपूर ऑक्सिजन हे तिन्ही मिळून रोगाचे बरेच जंतू मारतात, म्हणजे काही प्रमाणात निर्जंतुकीकरण फुकटात. पण याची दुसरी बाजूही आहे, त्या पीएचला जो मोकळा अमोनिया तयार होतो तो शेवाळालाच जाचतो आणि वाढ मंदावते, शिवाय कार्बनच संपला तर वाढणार कशावर. म्हणून तलावात बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडला तर उत्पादन चांगलंच वाढतं.

आता थोडं गणित, आणि हे गणित सोडून कृपया पुढे जाऊ नका कारण सगळी मेख इथेच आहे. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नायट्रोजन आणि ६ च्या आसपास मिलिग्रॅम फॉस्फरस धरा. वाळलेल्या शेवाळात ७ ते ८ टक्के नायट्रोजन असतो, आणि नायट्रोजन-फॉस्फरसचं वजनी प्रमाण साधारण ७ ला १. म्हणजे सांडपाण्याचं प्रमाण शेवाळाच्या गरजेशी जवळजवळ जुळतं, हे नशीबच म्हणायचं. ४० मिलिग्रॅम नायट्रोजनवर किती शेवाळ वाढेल? साधारण अर्धा ग्रॅम लिटरमागे. एका माणसाचं दिवसाचं सांडपाणी १५० लिटर धरलं तर दिवसाला ७५ ग्रॅम वाळलेलं शेवाळ. इंधनासाठी यातलं तेल किती? सांडपाण्यावर पोटभर खाऊन वाढलेल्या शेवाळात १० ते २० टक्के, मधलं १५ धरू. म्हणजे माणशी दिवसाला ११ ग्रॅम तेल, वर्षाला ४ किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास.

वर्षभराचं. एका माणसाचं.

गाडी वर्षाला शेकडो लिटर पिते. म्हणजे सगळं अगदी आदर्श चाललं, एक थेंब वाया गेला नाही, तरी सांडपाण्याच्या शेवाळावर गाड्या धावणार वगैरे जे मथळे येतात ते या आकड्यापुढे टिकत नाहीत. आणि ही मर्यादा तंत्रज्ञान कच्चं आहे म्हणून नाही, पाण्यात नायट्रोजनच तेवढा आहे, त्याहून जास्त शेवाळ वाढणार कुठून.

मग खत घालून वाढवा असं कोणी म्हणेल, आणि खरंच ते करून बघितलं गेलंय. तेलटंचाईच्या काळात, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ॲक्वाटिक स्पीशीज प्रोग्रॅम सुरू केला, १९९६ पर्यंत चालवला, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. ३००० च्या वर जाती गोळा केल्या, त्यातून ३०० च्या आसपास कामाच्या निवडल्या, न्यू मेक्सिकोत रॉसवेलला प्रत्येकी १००० चौरस मीटरचे तलाव बांधून चालवून बघितले. त्यातून जे कळलं ते अजून लागू आहे. शेवाळात तेल वाढवायचं तर त्याला नायट्रोजनचा उपास घडवायला लागतो, उपाशी पेशी वाढणं थांबवून चरबी साठवायला लागते, तेल ४० टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकतं, पण वाढच थांबल्यामुळे एकूण तेल काही जास्त पडत नाही. भरभर वाढणं आणि जाड होणं एका वेळी होत नाही. आणि १९९८ च्या समारोपाच्या अहवालात खर्च कच्च्या तेलाच्या पुढे फार जास्त आहे हेही स्पष्ट लिहिलेलं होतं.

तरी २००५ नंतर तेल महागलं आणि परत लाट आली. एक्सॉनमोबिल या तेलकंपनीने २००९ मध्ये सिंथेटिक जीनॉमिक्स या जैवतंत्रज्ञान कंपनीबरोबर ६० कोटी डॉलरपर्यंतच्या कार्यक्रमाची घोषणा केली आणि २०२३ पर्यंत त्यातून अंग काढून घेतलं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये हिशेब मांडला होता की देशाच्या वाहतूक इंधनातला फक्त ५ टक्के भाग शेवाळातून काढायचा म्हटलं आणि खतं परत वापरली नाहीत, तर ६० लाख ते दीड कोटी टन नायट्रोजन लागेल. त्याच अहवालाने सांडपाणी वापरणं आणि खतं फिरवून परत वापरणं यावर जोर दिला होता. मला वाटतं हा उलटा क्रमच नडला, इंधन हे उद्दिष्ट धरून शेवाळ शोधलं गेलं. पाणी साफ करणं हे उद्दिष्ट धरलं तर त्या कामाचे पैसे मिळतातच, ते काम कसंही करायचंच असतं, तलाव बांधण्याचा आणि पॅडलव्हीलचा खर्च त्या खात्यात जातो आणि इंधन वर मिळतं.

बरं, शेवाळ वाढलं. आता ते पाण्याबाहेर काढायचं, आणि इथे भलेभले प्रकल्प अडकलेत. लिटरमागे अर्धा ग्रॅम म्हणजे २० लिटरच्या बादलीत जेमतेम दोन चमचे भुकटी विखुरलेली, आणि तीसुद्धा अशी की पेशींची घनता पाण्याएवढीच त्यामुळे खाली बसत नाही, आणि पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो त्यामुळे त्या एकमेकींना ढकलत राहतात, जवळ येऊन गोळा होत नाहीत. सेंट्रीफ्यूजने निघतं पण एवढं पाणी गरागरा फिरवायला जी वीज लागते ती शेवाळातून मिळणाऱ्या ऊर्जेला खाऊन टाकते. तुरटी किंवा लोहाचे क्षार टाकले की गोळे होतात पण ते क्षार शेवाळात जाऊन बसतात आणि पुढे खत करताना त्रास. एकूण उत्पादनखर्चाचा २० ते ३० टक्के भाग फक्त काढणीत जातो असा अंदाज नेहमी दिला जातो.

यावरचा मला पटलेला उपाय अगदी साधा आहे आणि न्यूझीलंडच्या निवा या सरकारी संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलंय. झुबक्यांनी वाढणाऱ्या जाती आणि बॅक्टेरिया मिळून जे गोळे आपोआप खाली बसतात, त्यातले थोडे परत तलावाच्या सुरुवातीला सोडायचे. दही लावताना आधीचं विरजण टाकतो ना, तसंच. हळूहळू तलावात खाली बसणाऱ्यांचंच राज्य होतं, आणि मग साध्या टाकीत काही तास ठेवलं की बहुतेक शेवाळ तळाशी येतं, केमिकल न टाकता. क्राइस्टचर्चला त्यांनी असे तलाव खऱ्या सांडपाण्यावर हेक्टरांच्या मापात चालवून बघितले, प्रयोगशाळेतल्या बरण्यांत नाही.

पण खाली बसलेल्या गाळातही २-३ टक्केच घन माल, बाकी पाणीच. आणि इथून इंधनाच्या वाटा फुटतात.

बायोडिझेलची वाट सगळ्यांना माहीत असते, शेवाळ वाळवायचं, तेल काढायचं, मेथॅनॉलबरोबर प्रक्रिया करून डिझेल आणि ग्लिसरीन वेगळं करायचं. अडतं ते वाळवण्यावर. अगदी २० टक्क्यांपर्यंत घट्ट केलेला लगदा धरा, तरी किलोभर कोरड्या शेवाळामागे ४ किलो पाणी उडवायला लागतं, त्याला साधारण १० मेगाज्यूल उष्णता, आणि त्या किलोभर शेवाळात एकूण ऊर्जाच २० च्या आसपास मेगाज्यूल. निम्मी तिथेच गेली. त्यात सांडपाण्याच्या शेवाळात तेल मुळात कमी. म्हणून सांडपाण्याच्या शेवाळापासून बायोडिझेल हा पर्याय मी तरी बाजूलाच ठेवीन.

दुसरी वाट, ओलंच शेवाळ प्रेशरमध्ये शिजवायचं, २५० ते ३७० अंश तापमान आणि १०० ते २०० पट वातावरणाचा दाब, की त्यातून काळं जाड कच्चं तेल वेगळं होतं. याला हायड्रोथर्मल लिक्विफॅक्शन म्हणतात. वाळवायची गरज नाही आणि फक्त तेलच नाही तर प्रथिनं, कर्बोदकंसुद्धा तेलात येतात, हा मोठाच फायदा, कारण मग जास्त तेलाच्या शेवाळामागे धावायला नको. पण त्या तेलात नायट्रोजन बराच राहतो, रिफायनरीत जाण्याआधी तो काढायला लागतो, आणि त्या दाबाचे पंप-रिॲक्टर लहान गावाच्या प्लांटने सांभाळणं अवघड.

तिसरी वाट साधी आहे, डायजेस्टरमध्ये, म्हणजे हवाबंद टाकीत घालून कुजवायचं आणि बायोगॅस काढायचा. माझं मत याच बाजूला आहे. आपल्या माणशी ७५ ग्रॅममधून दिवसाला १५ ते २० लिटर मिथेन निघू शकतो, वर्षाचे ६-७ घनमीटर, म्हणजे ६-७ लिटर डिझेलएवढी ऊर्जा, बायोडिझेलच्या साडेचार लिटरपेक्षा जास्त आणि तीही न वाळवता. त्यात, सांडपाणी तलावात येण्याआधी ज्या पहिल्या टाकीत थांबतं तिथे बसलेला मैल्याचा गाळ मिसळला की गॅस आणखी. बायोगॅसमध्ये ६०-६५ टक्के मिथेन आणि उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो, तो गॅस तलावाच्या पाण्यातून नेला की कार्बन डायऑक्साइड विरघळून शेवाळाला मिळतो आणि मिथेन शुद्ध होतो, म्हणजे वर जो कार्बनचा तुटवडा सांगितला तो इथेच भागतो. स्पेनमध्ये कादिझजवळ चिक्लाना द ला फ्रोंतेरा इथे २०११ मध्ये सुरू झालेल्या ऑल-गॅस प्रकल्पात हेच केलं, गावाच्या सांडपाण्यावर शेवाळ, त्याचा बायोगॅस, तो शुद्ध करून त्यावर गाड्या चालवून दाखवल्या.

आणि हिशेबात वाचलेली वीजही धरायला हवी, ती लोक विसरतात. नेहमीच्या प्लांटला हजार लिटरमागे ०.३ ते ०.६ युनिट वीज लागते, माणशी वर्षाचं पाणी सुमारे ५५ हजार लिटर, म्हणजे १६ ते ३३ युनिट, त्यातली हवा फुंकण्याची निम्मी. शेवाळाच्या मिथेनपासून जनरेटरवर वर्षाला २० ते २५ युनिट होतील. म्हणजे बनवलेली ऊर्जा आणि न वापरलेली ऊर्जा एकाच मापाच्या आहेत, आणि जो प्लांट वीज खायचा तो थोडी द्यायला लागला तर ते इंधन बनवण्याइतकंच मोठं काम आहे.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. शेवाळाच्या पेशीची भिंत चिवट असते, काही जाती डायजेस्टरमधून जवळजवळ अख्ख्या बाहेर येतात, म्हणून आधी थोडं गरम करून घ्यायला लागतं. शेवाळात नायट्रोजन जास्त आणि कार्बन त्यामानाने कमी असल्यामुळे डायजेस्टरमध्ये अमोनिया साठतो, त्यावर कागदाचा किंवा शेतीचा कचरा मिसळतात. तलावात रोटिफर आणि डॅफ्निया हे बारीक जीव शिरले तर काही दिवसांत अख्खा तलाव चरून फस्त करतात, हिरवं पाणी बघता बघता तपकिरी. रात्री शेवाळ स्वतः ऑक्सिजन वापरतं त्यामुळे पहाटे पाण्यात तो फार कमी उरलेला असतो. थंडीत वाढ निम्म्याहून खाली येते पण सांडपाणी काही निम्मं होत नाही. कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर जड धातू शेवाळात साठतात, मग डायजेस्टरमधून निघालेला गाळ शेतात टाकायच्या आधी तपासायलाच हवा.

आणि सगळ्यात मोठी अडचण जागा. दिवसाला चौरस मीटरमागे १५ ग्रॅम उत्पादन हे चांगलं मानतात, म्हणजे ७५ ग्रॅमला ५ चौरस मीटर. दुसऱ्या बाजूने मोजा, १५० लिटर पाणी ८ दिवस ३० सेंटिमीटर खोलीत ठेवायचं तर ४ चौरस मीटर, दोन्ही हिशेब जुळतात. एक लाख वस्तीला ४० ते ५० हेक्टर. महानगराच्या मधोमध हे शक्य नाही, तिथे हवा फुंकणाऱ्या टाक्याच बऱ्या. पण ऊन भरपूर, हिवाळा सौम्य आणि जमीन आहे अशा छोट्या गावांना हे जमण्यासारखं आहे, त्यातही जिथे आधीपासून साधे ऑक्सिडेशन तलाव, म्हणजे सांडपाणी नुसतं साठवून आपोआप साफ होऊ देणारे तलाव, आहेत तिथे तर जास्तच, कारण जागा घेतलेलीच आहे, ते तलाव उथळ करून पॅडलव्हील आणि बसवण्याची टाकी जोडायची.

आणि मोठ्या प्लांटमध्येही एक कोपरा आहे जिथे मी आज सुरुवात करीन. गाळाच्या डायजेस्टरमधून गाळ पिळल्यावर जे पाणी निघतं त्यात अमोनिया लिटरमागे ५०० ते १००० मिलिग्रॅम किंवा जास्तही असतो. हे पाणी प्लांटच्या एकूण पाण्याच्या एखाद-दोन टक्केच, पण नायट्रोजन १५ ते २० टक्के घेऊन परत सुरुवातीला येतं आणि हवेचं बिल वाढवतं. ते थोडं पातळ करून बाजूच्या तलावात शेवाळाला दिलं तर कमी जागेत बराच नायट्रोजन हाताला लागतो, डायजेस्टर शेजारीच आहे, गॅसची लाइन शेजारीच आहे, आणि तलाव एखाद्या दिवशी रोटिफरनी खाल्ला तरी मुख्य प्लांट आपलं काम करत राहतो.